जुना गॅस इथे मिळेल

पिमा, अॅरिझोना
रविवार, १ सप्टेंबर १९९६

प्रिय लमारदादा,

तुला आणि जनीलवहिनीला नमस्कार.

“तू माझ्याकडे बघ वेला, रस्ता मी बघतो.” हे तू कधी म्हणालास ते तुला आठवणार नाही. विलकॉक्सहून घरी येताना धुळीचं वादळ अंगावर आलं होतं. बाबांचा ट्रक, मागे गवताचे भारे, तुला लायसन नुकतंच मिळालेलं. मी शेजारी बसून रडत होते, कारण काचेपलीकडे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तू माझ्यावर ओरडला नाहीस, एवढंच म्हणालास. मी तुझ्या कानाकडे, कानामागे चिकटलेल्या धुळीकडे बघत बसले आणि आपण घरी पोचलो. पुढे कितीतरी बाबतींत मी तेच केलं. बाबा गेल्यावर जमीन विकायची की कसायला द्यायची, आईला कुणी ठेवून घ्यायचं, रूलॉनला हो म्हणू का. रूलॉनच्या वेळी तू म्हणाला होतास, “माणूस चांगला आहे. खोटं बोलता येत नाही, एवढीच काय ती अडचण.” आपण किती हसलो होतो.

असो. आधी इकडचं सांगते.

कापसाची बोंडं उकलायला लागली आहेत. आईच्या नाकावरचा डाग डॉक्टरांनी काढला तो भरून आला, पण आता कानाच्या पाळीवर तसाच एक निघालाय. जन्मभर उन्हात कापूस खुरपला त्याचं हे, असं डॉक्टर म्हणतात. टोपी घाल म्हटलं तर म्हणते, “आता काय उरलंय जळायला?” तुझा निवडणुकीचा फोटो तिने खाटेसमोर लावून घेतला आहे आणि येईल त्याला दाखवते. बाकीचं तिला आम्ही काही सांगितलेलं नाही.

पीच यंदा उशिरा आले, पण गोड आले. बरण्या भरून झाल्या. तुमच्या वाटणीच्या दरवर्षीसारख्या वेगळ्या ठेवल्या आहेत. कुणाबरोबर पाठवाव्या ते मात्र कळत नाही.

रूलॉन बरा आहे.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं, उठून पाणी पिऊन आले. बरा आहे म्हणजे जेवतो, आईशी पत्ते खेळतो, रोज सकाळी जाऊन बंद गॅरेज झाडून येतो. एसीच्या कामाला हात लावायची त्याला मनाई आहे, म्हणून गल्लीतल्या लोकांचे पाण्याचे कूलर दुरुस्त करून देतो. त्यात नुसतं गवत, पंखा आणि पाणी. “यात पकडण्यासारखं काही नाही बघ,” म्हणतो. असा विनोद करतो आणि मग माझ्याकडे बघतो, मी हसते का ते.

दादा, तुमचं ते बिल पास झालं तेव्हा गावाला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नव्हतं. जूनच्या उन्हात मोरेन्सीच्या खाणीतून पाळी संपवून आलेला माणूस तापलेल्या पिकअपमध्ये बसतो, तेव्हा या गॅसने आकाशातल्या ओझोनला पडलेल्या भोकाचं त्याला काय सांगणार? गाडी जुनी, तिच्या एसीला जुनाच गॅस लागतो, आणि तो बनवणं वॉशिंग्टनवाले बंद करणार. नव्या गॅसवर गाडी करून घ्यायची तर ती विकून येतील तेवढे पैसे तिच्यातच घालावे लागणार. अशा वेळी तू फिनिक्सच्या विधानसभेत उभा राहिलास आणि म्हणालास की आमच्या राज्यात हा गॅस बनवायला, बाळगायला, विकायला, वापरायला मोकळीक राहील, वॉशिंग्टनने त्यांच्या थंड हवेत बसून काय ते ठरवावं. चर्चच्या हॉलमध्ये त्या शनिवारी आपण जेवण ठेवलं होतं. लोक रांगेने येऊन तुझा हात हातात घेत होते. मी बटाट्यांचा ट्रे घेऊन मागे उभी होते आणि मला बाबांची फार आठवण येत होती.

पाटीची कल्पना तुझी. हे मी भांडायला लिहीत नाही, पण ती तुझी होती. रूलॉन म्हणाला होता, “पाटी कशाला? ज्यांना हवाय ते येतातच की.”

“अरे, चोरून विकायला ती काय दारू आहे?” तू म्हणालास. “आपल्या कायद्याने दिलंय. माणसाने उजेडात करावं.”

मग शिडी तू धरलीस आणि खिळे त्याने ठोकले. ‘जुना गॅस इथे मिळेल. राज्याच्या कायद्याप्रमाणे.’ दुसरी ओळ तूच घालायला लावलीस. फोटो काढायला माणूसही तूच आणला होतास, आणि तो फोटो तुझ्या पत्रकावर छापून आला. त्यात रूलॉनचा अर्धाच चेहरा दिसतो, बाकी अर्ध्यावर तुझा हात.

पाटी लागल्यावर क्लिफ्टनपासून लोक यायला लागले. रूलॉनची पद्धत तुला माहीत आहे. आधी गळती शोधायची, ती बंद करायची, मगच गॅस भरायचा. आत उरलेला जुना गॅसही तो कधी हवेत सोडत नसे, मशीनने ओढून टाकीत घेत असे. त्यात वेळ जातो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुर करायची. कुणीतरी त्याला म्हणालंसुद्धा, आता कायद्याने मोकळीक झाली ना, सोड की वर. तो म्हणाला, “मोकळीक विकायची झालीय. आकाश काही आपण पास केलेलं नाही.”

मग नवं वर्ष आलं, कारखान्यांनी गॅस बनवणं बंद केलं आणि आमचा साठा सरत आला. तेव्हा तो सीमेवरच्या डग्लसकडचा माणूस येऊन गेला. पलीकडून, मेक्सिकोतून, टाक्या आणून देतो म्हणाला. रूलॉनने त्याला लगेच हो म्हटलं नाही. तुम्ही दोघं रविवारी जेवायला येणार होतात, म्हणून थांबला.

त्या दुपारचं मी पुन्हा लिहून काढते. तू विसरला असशील असं मला वाटत नाही, पण तू पेपरात जे सांगितलंस ते वाचल्यापासून मला माझ्याच कानांची शंका यायला लागली होती. माझ्या हातात ग्रेव्हीचं भांडं होतं. आई झोपली होती. तू बटाटे वाढून घेत होतास.

रूलॉन म्हणाला, “पलीकडचा माल आहे. घेऊ का?”

“राज्यात आला की राज्यातला माल,” तू म्हणालास. “बाळगणं, विकणं, वापरणं, सगळं कायद्यात आहे. मीच मांडलाय ना तो.”

“आणि वॉशिंग्टनवाले?”

“त्यांना पिमा नकाशावर सापडायचं नाही. घे तू बिनधास्त. मी आहे ना.”

मी भांडं तुझ्यापुढे केलं आणि तू ग्रेव्ही वाढून घेतलीस. एवढंच झालं.

ते लोक एप्रिलमध्ये आले, पाटी वाचूनच आले. त्यातला एक जुनी फोर्ड घेऊन आत आला, गॅस भरून द्या म्हणाला. रूलॉनने त्याची गळती शोधली, ती बंद केली, गॅस भरला, आणि वर सांगितलं की गाडी अजून काही वर्षं ठेवणार असाल तर नव्या गॅसचा विचार करा, हा काही कायम मिळणार नाही. तेव्हा त्या माणसाने ओळखपत्र काढलं. केंद्राचा अधिकारी. रूलॉनने हात पुसले, त्याला गार पाणी दिलं आणि टाक्या कुठे रचल्या आहेत ते स्वतः नेऊन दाखवलं. मी काउंटरमागे उभी होते.

“हे बेकायदा आहे, तुम्हाला माहीत नव्हतं?” अधिकाऱ्याने विचारलं.

“बेकायदा कसं?” रूलॉन म्हणाला. “बाहेर पाटी लावलीय.”

तो अधिकारी वाईट माणूस नव्हता. चोरून विकणारे त्याने पुष्कळ पाहिले असतील. पाटी लावून गुन्हा करणारा बहुतेक पहिलाच. मग त्याने आणखी एक प्रश्न विचारला, त्याचं मी पुढे लिहीन. आत्ता जमत नाही.

त्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, वकिलाचं मी बघतो. त्यानंतर फोन वहिनीच उचलायला लागली. तू मीटिंगमध्ये असायचास, नाहीतर गाडी चालवत असायचास, नाहीतर नुकताच झोपलेला. मी म्हटलं, निवडणूक आहे, सिनेटची जागा लहान नाही. मी तुझ्यासाठी कारणं शोधत होते, आणि मला ती सापडतही होती.

मग पेपर आला. ‘संबंधित व्यक्तीच्या व्यवसायाचा तपशील मला माहीत नाही. केंद्राचे कायदे पाळावेत असंच मी लोकांना नेहमी सांगत आलो आहे.’ खाली तुझं नाव. संबंधित व्यक्ती. तुझ्या मुलीच्या लग्नात मांडवाचे खांब रोवणारा, तुझ्या सासऱ्यांना शेवटच्या दिवसांत उचलून आंघोळीला नेणारा. संबंधित व्यक्तीने पेपर वाचला, घडी करून ठेवला आणि म्हणाला, “वकिलाने सांगितलं असेल त्याला असं बोल म्हणून.” मग त्यानेच मला चहा करून आणला, पुदिन्याचा. मी रडत होते आणि समजूत तो काढत होता, तीही तुझ्या बाजूने.

इथपर्यंतसुद्धा मी तुला पत्र लिहिलं नसतं. तू घाबरलास असं मी समजले होते. घाबरलेल्या भावावर किती दिवस रागवायचं?

पण चोवीस जुलैच्या सहलीला वहिनी एकटी आली. हातगाड्या ओढत आलेल्या पूर्वजांचा दिवस, त्या दिवशी आपल्या घरातलं कुणी कधी गैरहजर नसतं, आणि तुला नेमकं फिनिक्सला काम निघालं होतं. आईला ऊन सोसेना म्हणून वहिनीने तिला आपल्या गाडीत बसवलं, एसी लावला, आणि मी शेजारी बसले. बोलायला काही नव्हतं म्हणून मी म्हटलं, अजून छान गार करतो गं.

“करणारच, नवा गॅस ना,” वहिनी म्हणाली. “दोन्ही गाड्या बदलून घेतल्या त्याने. बिल मांडलं ना, त्याच महिन्यात. म्हणाला, पुढे जुना मिळायचा नाही, आत्ताच उरकून टाकू.”

मी म्हटलं, “पण बिल तर मिळावा म्हणूनच होतं.”

“अगं वेला, ते बिल म्हणजे निरोप होता. वॉशिंग्टनला. केंद्राच्या कायद्यापुढे ते टिकायचं नाही हे तिकडे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठलं बिल कायदा आणि कुठलं नुसता निरोप, ते त्यांना बरोबर कळतं.”

पीठ किती भिजवायचं ते सांगावं तसं तिने सांगितलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मग माझ्याकडे बघून ती थांबली आणि कलिंगड आणते म्हणून उतरून गेली. एसी चालू होता. आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. बाहेर रूलॉन मुलांना दोरीवरून उड्या मारायला लावत होता आणि मी त्या गार हवेत बसून त्याच्याकडे बघत होते.

निरोप. तेव्हापासून हा शब्द मला सोडत नाही. दादा, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की असं असतं. आम्हाला वाटायचं, सभागृहात तुम्ही उभे राहून हात वर केलेत की तो कायदा. त्यातही दोन जाती असतात, एक पाळायची आणि एक नुसती ऐकवायची, हे पिमातल्या माणसाला कुठून कळणार? तुम्ही निरोप धाडला वॉशिंग्टनला आणि तो येऊन पोचला आमच्या गॅरेजमध्ये.

तू चुकला असतास ना, तर मी तुझ्यासाठी साऱ्या गावाशी भांडले असते. चूक कुणाचीही होते. पण तू चुकला नव्हतास. तुला सगळं बरोबर माहीत होतं. स्वतःच्या गाड्यांपुरता तू वॉशिंग्टनचा कायदा पाळलास आणि आमच्या शिडीला हात लावलास. त्या जानेवारीतल्या रविवारी तू आमच्या दारात लावलेल्या गाडीचा एसी नव्या गॅसवर चालत होता. रूलॉनने विचारलं तेव्हा “नको घेऊस” एवढे दोनच शब्द पुरले असते. ते तू का म्हणाला नाहीस, याचा मी फार विचार केला. मला वाटतं, ते म्हणायचं तर पाटी खाली काढावी लागली असती, आणि फोटो तर छापून झाला होता. याहून मोठं काही कारण असेल तर मला कळव. असावं असं मला मनापासून वाटतं.

आता तो राहिलेला प्रश्न.

टाक्या मोजून झाल्यावर अधिकाऱ्याने रूलॉनला विचारलं, “हे चालतं असं तुम्हाला कुणी सांगितलं? कुणीतरी सांगितलंच असेल.” अगदी शांतपणे, त्याची सुटका व्हावी अशाच सुरात विचारलं. रूलॉनने माझ्याकडे बघितलं नाही. तो म्हणाला, “कुणी नाही. पेपरात वाचलं.”

ज्याला खोटं बोलता येत नाही असं तू म्हणायचास, तो माणूस आमच्या लग्नानंतर माझ्यादेखत एकदाच खोटं बोलला, आणि ते तुझ्यासाठी. अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मी गप्प राहिले, कारण रूलॉनने ठरवलं होतं आणि तो माझा नवरा आहे. वकिलालाही त्याने तेच सांगितलंय. तुझं नाव मी काढू नये म्हणून माझ्याकडून वचन घेतलंय. “त्याला निवडणूक आहे,” म्हणतो. “माझं काय, मला गॅरेज आहे.” गॅरेजला टाळं लागलं आहे, दादा. त्याने गेल्या महिन्यात गुन्हा कबूल केला. शिक्षा अजून सुनावायची आहे. तुरुंग होऊ शकतो, वकील असं सरळ म्हणाला. त्याने हेही सांगितलं की राज्यातल्या कुणा जबाबदार माणसाने याला ‘चालेल’ म्हणून सांगितलं होतं असं न्यायाधीशांना कळलं, तर फार फरक पडेल. तो मला विचारत होता, असं कुणी होतं का? रूलॉन खिडकीबाहेर बघत बसला. मी म्हटलं, आठवून बघते.

मी सांगितलं तर उपयोग नाही, हे मला कळतं. बायको नवऱ्यासाठी बोलणारच, आणि तू पेपरात उलटं सांगून बसला आहेस. ते तुझ्याच तोंडून यायला हवं.

हे पत्र आजच का लिहिते आहे तेही सांगते. आज चर्चमध्ये प्रार्थना करायला ब्रदर एल्सवर्थ उभे राहिले, शाळेत आपल्याला गणित शिकवायचे ते. त्यांनी आजाऱ्यांसाठी मागितलं, शेतांसाठी मागितलं, आणि मग तुझं नाव घेऊन तुझ्या निवडणुकीत यश मागितलं. माझं तोंड उघडेना. माझ्या शेजारी रूलॉन मोठ्याने “आमेन” म्हणाला. दाखवायला नव्हे. त्याला खरंच तसं वाटतं. घरी येऊन मी त्याला जेवायला वाढलं, आईला औषध दिलं आणि लिहायला बसले.

तू माझं ऐकशील असं मला वाटत नाही. या पत्राचं उत्तर वहिनीच्या हातचं येईल, त्यात तुम्ही दोघं आमच्यासाठी प्रार्थना करता असं असेल, आणि नोव्हेंबरनंतर सगळं नीट बोलू असं असेल. हे सगळं मला माहीत आहे. रूलॉनला न विचारता, त्याला दिलेलं वचन मोडून, तरी मागते.

एकोणीस तारखेला, गुरुवारी सकाळी, टक्सनच्या कोर्टात त्याला शिक्षा सुनावणार आहेत, तिथे ये. रूलॉन चांगला माणूस आहे वगैरे सांगू नकोस, ते सांगायला अर्धं पिमा येणार आहे. कायद्याचं, वॉशिंग्टनचं, राज्याच्या हक्काचंही नको. न्यायाधीशांपुढे उभा राहा आणि एवढंच सांग की घेण्याआधी त्याने मला विचारलं होतं, आणि मी घे म्हणालो होतो.

वाट बघायची नाही असं ठरवलेली
तुझी बहीण,
वेला